विमानांचे तीन रुमाल

आमच्या घरमालकांनी विमान आतून कधी पाहिलेलं नव्हतं. बाहेरून पाहिलं होतं ते आकाशात, तेही सगळे अंगणात धावेपर्यंत टेकडीपलीकडे गेलेलं. पण मुंबईहून लंडनला जाणाऱ्या कुठल्या कंपनीच्या विमानात उशी पिसांची असते आणि कुठल्या कंपनीच्या विमानात कापसाची, दिवा विझवायची कळ कुठे डोक्याशी असते नि कुठे पायाशी, हे ते देवासमधल्या आपल्या ओसरीवर बसून बिनचूक सांगत. ऐकणाऱ्याला वाटावं, हे गृहस्थ कालच तिकडून उतरलेत.

मी त्यांना काका म्हणत असे आणि त्यांच्या पत्नीला काकू. नात्यागोत्याचे आम्ही एकमेकांचे कुणीच नव्हतो. मी मूळची धारची. संस्थानं विलीन होऊन तीन-चार वर्षं झाली होती, मला देवासला मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवायची नोकरी लागली होती आणि मी राहायला खोली शोधत होते. या घराची मागची खोली रिकामी आहे असं कळलं म्हणून गेले. काकूंनी खोली दाखवली, मला आवडली. मी ट्रंक आणायला निघाले तर काका म्हणाले, "आज नको, बाई. उद्या या. आज मी तिथं झोपून बघतो."

मला वाटलं, म्हातारा जरा सटकलेला दिसतो. दुसऱ्या दिवशी गेले तर खाट एका भिंतीची दुसऱ्या भिंतीला लागलेली. "पहाटे या खिडकीतून गार वारा थेट मानेवर येतो," काकांनी अहवाल दिला. "एक पाल आहे, पण ती मूळची माजघरातली. इथं येऊन-जाऊन असते. बाकी खोली राहण्यालायक आहे." हे सांगताना चेहरा असा गंभीर, की मला हसायचं धैर्य झालं नाही.

त्यांचा तो पेशाच होता, हे मागाहून कळलं. काका एका दरबारात पेशखेम्याचे कारभारी होते. देवासला पूर्वी थोरली पाती नि धाकटी पाती अशी दोन संस्थानं एकाच गावात नांदत. काका कोणत्या पातीचे ते मी सांगत नाही, कारण सांगितलं की अजूनही अर्धं गाव रुसतं. पेशखेमा म्हणजे सरकारांची स्वारी निघण्याआधी पुढच्या मुक्कामाला जाणारा तंबू. तंबू गेले, आगगाड्या नि हॉटेलं आली, पण नाव तेच राहिलं आणि कामही तेच. सरकार उद्या जिथं पोचणार तिथं काका आज पोचत. पाणी चाखत, मुदपाकखान्यात डोकावत आणि शेवटी बूट काढून, पगडी बाजूला ठेवून सरकारांच्या बिछान्यावर दहा मिनिटं आडवे होत. पाठ काय म्हणते ते ऐकत. पाठ नको म्हणाली तर गादी बदलत, खोली बदलत. एकदा तर म्हणे एका थंड हवेच्या ठिकाणी अख्खं हॉटेल बदललं. "बिछाना आधी, बाकी मग," असं ते म्हणत, आणि दुसरं एक वाक्य होतं, "जिथं मी आधी निजलो नाही तिथं माझं माणूस निजणार नाही."

त्यामुळे नोकरीच्या इतक्या वर्षांत काका सरकारांबरोबर एका गाडीत कधी बसले नाहीत. नेहमी एक दिवस पुढे. मग विलीनीकरण झालं. सरकार कुठे जायचेच थांबले, निदान अशा थाटानं जायचे थांबले, आणि काका ओसरीवर बसून राहिले. पुढचा मुक्कामच उरला नव्हता. पण सवय कुठे जाते? काकूंचा भाऊ आला तरी त्याला आंघोळीला पाठवण्याआधी काका स्वतः बंबाचं पाणी अंगावर घेऊन बघत.

माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न निघालं तेव्हाची गोष्ट. मी धारला जाणार होते. देवासहून इंदूर आणि तिथं मोटार बदलून धार, एवढाच काय तो प्रवास. मी धारच्या मोटार स्टँडवर उतरले तर समोर काका उभे. पगडी, बंद गळ्याचा कोट, हातात तांब्या. "वाट ठीक आहे ना? वाटेत बेटम्याला पाणी प्यायला नाहीत ना?" घरी गेले तर वडील मला बाजूला घेऊन म्हणाले, "हे गृहस्थ कोण? कालपासून आलेत. आपल्या विहिरीचं पाणी चाखून झालं, आता तुझ्या अंथरुणावर पडून झालं. म्हणतात, बाईंना चालेल." माझ्याच घरात, माझ्याच अंथरुणावर! मांडवातल्या बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. मी काकांवर इतकी चिडले की जेवायला वाढतानाही बोलले नाही. आज त्या प्रसंगाची आठवण आली की चिडल्याचं वाईट वाटतं.

पण मला सांगायचंय ते विमानाचं.

काका-काकूंना एकच मुलगी, कुसुम. जावई डॉक्टर. लग्नानंतर सहा महिन्यांनी तो लंडनला एका इस्पितळात गेला आणि पाठोपाठ कुसुमही गेली. मी राहायला आले त्याच महिन्यात तिचं पत्र आलं. तिला दिवस गेले होते. "आई, मला इथं फार एकटं वाटतं. तू आणि बाबा या. तिकिटांचं आम्ही इकडून पाहतो. तुझी पाठ वाईट, तेव्हा बोटीचे हेलकावे नकोत. आता विमानात पहिल्या वर्गाला झोपायची सोय असते, त्याच वर्गानं या. कंपनी बाबांनी निवडावी." हे पत्र काकूंनी मला तीनदा वाचायला लावलं. तिसऱ्यांदा वाचताना मी वर पाहिलं तर त्यांचे डोळे भरलेले, आणि काकांचे डोळे चमकत होते. शेवटच्या वाक्यानं घात केला.

दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्याबरोबर हाक आली, "बाई, लिहायला बसा." काकांना इंग्रजी वाचता येई, लिहिताना मात्र ते अडत. त्या दिवसापासून दोन वर्षं मी त्यांची चिटणीस. मुंबईतल्या तीन विमान कंपन्यांच्या कचेऱ्यांना पत्रं गेली. उत्तरं आली, चकचकीत कागदाची माहितीपत्रकं आली. त्यांत गोऱ्या बायका उशीवर डोकं टेकून हसत होत्या. काकांनी दरबारी रिवाजाप्रमाणे प्रत्येक कंपनीचे कागद वेगळ्या रंगाच्या फडक्यात बांधले. जुन्या दफ्तरात अशा बासनाला रुमाल म्हणत. एक तांबडा, एक हिरवा, एक निळा. कंपन्यांची खरी नावं त्या घरात कुणी घेतच नसे. "निळ्याचं उत्तर आलं का?" म्हटलं की काकूंनाही कळायचं.

काकांचे प्रश्न मला अजून पाठ आहेत. प्यायचं पाणी मुंबईचं नेता की वाटेत भरता? गादीत काथ्या आहे की कापूस? स्वतःची गोधडी आणली तर चालेल का? बटाटे कशात तळता? एकेका पत्रात असे वीस-वीस प्रश्न. मी इंग्रजीत लिहिताना चार गाळायची, काका वाचून बरोबर ते चार शोधायचे नि म्हणायचे, "बाई, हे राहिले वाटतं."

तांबड्या रुमालाचा बिछाना सगळ्यांत रुंद होता. काकू खूश झाल्या, आता ठरणार म्हणून. तेवढ्यात काकांना शंका आली की निजणाऱ्याचं डोकं कुठल्या दिशेला येतं. कंपनीनं कळवलं, विमानाच्या तोंडाकडे. काकांनी माझ्याकडून शाळेचा नकाशा आणवला, मुंबईवर एक तांदूळ ठेवला, लंडनवर एक ठेवला आणि मधे दोरा ताणला. "वायव्य," ते म्हणाले. "वायव्य म्हणजे अर्धी उत्तरच. उत्तरेला डोकं करून हिला मी निजवू?" मी म्हटलं, "काका, येताना दक्षिणेकडे डोकं येईल, फिटंफाट." त्यांना ते पटलं नाही. विमानातले बिछाने उलटे लावता येतील का, असं पत्र माझ्या हातून लिहवून घेतलं. कंपनीच्या साहेबानं नम्रपणे उत्तर दिलं की बिछाने पक्के बसवलेले आहेत, आणि वैमानिकाला तर लंडनकडे तोंड करूनच जावं लागतं. काकांनी ते दोनदा वाचलं. "माणूस सरळ आहे," ते म्हणाले, आणि तांबडा रुमाल बांधून फळीवर टाकला.

हिरव्याचे बिछाने आगगाडीसारखे वर. शिडीनं चढायचं. काकूंनी स्वयंपाकघरातूनच विचारलं, "नऊवारीत?" हिरवाही गेला.

मग काकांना कुणीतरी सांगितलं की खातेगावला एक फौजी आहे, तो लढाईत विमानातून इटलीला गेला होता. काका उठले आणि मोटारीनं खातेगावला गेले. दोन दिवसांनी परत आले ते हिरमुसलेले. फौजी त्यांना म्हणाला होता, "आंख्यां मीची ने बैठ्यो थो, काकासाब. कंई नी दीख्यो." एवढ्या लांब जाऊन माहिती एवढीच, की गडी डोळे मिटून बसला होता. तरी काकांनी ती टिपून ठेवली.

मी हे सगळं हसत सांगते, पण त्या घरात काय चाललं होतं ते सांगायला हवं. कुसुमला मुलगा झाला. आई जवळ नव्हती. तार आली त्या दिवशी काकूंनी शेजारीपाजारी पेढे वाटले आणि संध्याकाळी देवापाशी बसून पदरात तोंड खुपसून रडल्या. काकांना ते कळलं नसेल असं नाही. ते ओसरीवर निळा रुमाल उघडून बसले होते, आणि कितीतरी वेळ त्यांनी एकही पान उलटलं नाही.

काकू नातवासाठी झबली शिवत. पहिली तीन झबली शिवून झाली, आता निघायचंच म्हणून घडी घालून ठेवली. निघणं झालं नाही. फोटो आला, त्यात नातू बसायला लागलेला. ती झबली समोरच्या शिंप्याच्या सुनेकडे गेली. मग मोठ्या मापाची शिवली. फोटो आला, त्यात नातू उभा. तीही गेली. मला तेव्हा काकांचा संताप यायचा. विमान ते विमान, त्यात एवढं काय निवडायचं? पण त्यांच्यासमोर बसलं की राग धरता यायचा नाही. "बाई, हिची पाठ एकदा धरली की महिना-महिना उठत नाही ती. तिकडे परक्या मुलखात अडकली तर?" असं ते म्हणायचे नि आवाज खाली यायचा. आणि मला आणखीही एक दिसत होतं. हे तीन रुमाल म्हणजेच आता त्यांचा दरबार होता. निवड झाली की तोही उठणार होता.

अखेर एका रविवारी सकाळी काकांनी निकाल दिला. निळा. त्यातली खुर्ची उलगडून तिचाच बिछाना होतो, तो खालीच असतो आणि उशी हव्या त्या बाजूला घेता येते. गोधडी आणायला परवानगी. काकू दाराशी तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्यांचा हात थांबला.

"लिहा, बाई," काका म्हणाले. "पहिलं तिकीट माझं, पुढच्या महिन्यातल्या पहिल्या मंगळवारचं. दुसरं हिचं, त्यानंतरच्या मंगळवारचं."

मी टाक उचलला. "वेगवेगळ्या दिवसांची?"

"मग? मी आधी जायला नको? कैरोला उतरून कुठं बसवतात, रोमला पाणी कसं आहे, बिछाना खरंच उलगडतो की नुसता चित्रात उलगडतो, हे कोण बघणार? लंडनला पोचलो की तार करीन. मग हिनं निघायचं."

"आणि काकू एकट्या येणार? इंग्रजीचा गंध नाही त्यांना."

"एकटी कशी?" काकांना माझा प्रश्नच कळला नाही. "सगळं तयार असेल ना."

काकू ताट उचलून आत गेल्या. तांदूळ अर्धेच निवडून झाले होते.

दुसऱ्या दिवशी काका बाजारात गेले असताना काकूंनी मला चहाला हाक मारली. चहा गाळता गाळता, माझ्याकडे न बघता बोलू लागल्या. "लग्न होऊन मी देवासला आले ना, तेव्हा हे आदल्या दिवशीच पुढे आलेले, घर बघायला. मी मामंजींबरोबर आले. ओंकारेश्वरला गेलो, हे पुढे. काशीला गेलो, हे पुढे. कुसुमच्या वेळी माहेरी ग्वाल्हेरला गेले, तर हे आधी जाऊन माझ्या आईच्या घरची खाट बघून परत. सदतीस वर्षं झाली ग लग्नाला. एका गाडीतून आम्ही दोघं कधी गेलो नाही."

मी पाट त्यांच्याजवळ सरकवला.

"उतरलं की हे समोर उभे," काकू म्हणाल्या. "पाणी तयार, अंथरूण तयार, ऊन ऊन भात तयार. काही म्हणता काही कमी नाही. पण वाटेत कुणी नसायचं. खिडकीतून काही दिसलं तर दाखवायचं कुणाला?"

"मग हे त्यांना सांगत का नाही?"

"काय सांगू? जो माणूस एवढी काळजी घेतो, त्याला काळजी घेऊ नका म्हणून सांगू?" त्यांनी कप माझ्यापुढे सरकवला. "आणि तूही बोलायचं नाहीस हं. माझी शपथ आहे."

शपथ मी मोडली नाही. म्हणजे अगदी सरळ मोडली नाही. संध्याकाळी काका म्हणाले, "लिहायला बसा, बाई, ते तिकिटांचं पत्र राहिलंय." मी म्हटलं, "हे पत्र मी लिहिणार नाही, काका." दोन वर्षांत मी त्यांना नाही म्हटलेलं हे पहिलंच.

"का?"

"ते मला विचारू नका. काकूंना विचारा."

"तिला काय विचारायचं?" ते गोंधळून म्हणाले, आणि त्यांच्या चेहऱ्यावरून मला स्पष्ट दिसलं की हा माणूस टाळत नाहीये. बायकोला प्रवासाबद्दल विचारायचं असतं, हे त्यांना ठाऊकच नव्हतं. सरकारांना कुणी विचारतं का, बिछाना कसा हवा म्हणून? आपण ओळखायचं असतं. त्यांनी आयुष्यभर ओळखलं होतं आणि एवढं एकच ओळखलं नव्हतं.

काकांनी पत्र स्वतः लिहायला घेतलं, दोन ओळींवर अडले, आणि तिसऱ्या दिवशी आपण मुंबईला जातो म्हणाले. विमान निदान जमिनीवर उभं असताना बघून येतो. निळ्या कंपनीच्या कचेरीत दोन वर्षं त्यांची पत्रं वाचून वाचून सगळे त्यांना ओळखत होते. त्यांनी खरोखर काकांना विमानतळावर नेलं, आत सोडलं आणि एक खुर्ची उलगडून बिछाना करून दाखवला. काकांनी बूट काढले, पगडी शेजारी ठेवली, आडवे झाले. तिथल्या मुलीनं प्रवासात करतात तसा बिछान्याभोवतीचा पडदा ओढला.

हे मला त्यांनी मुंबईहून आल्यावर तिसऱ्या दिवशी सांगितलं. दोन दिवस रुमाल सोडले नाहीत, मला हाक मारली नाही. काकू काळजीत पडल्या, विमानात काही बाधलं की काय म्हणून.

"बिछाना कसा होता?" शेवटी मीच विचारलं.

"उत्तम. सरकारांना शोभेल असा." मग ते म्हणाले, "पण बाई, पडदा ओढला की पलीकडचं माणूस दिसत नाही. मी दहा मिनिटं पडलो होतो. पाठीला काही तक्रार नाही. उशी मऊ. आणि मला एकदम भीतीच वाटली. म्हटलं, इथं काही झालं, काही हवंसं वाटलं, तर सांगायचं कुणाला? मग मनात आलं, ही एवढी वर्षं अशीच येत असेल."

त्यांनी उपरण्यानं डोळे पुसले. काकांना रडताना मी तेवढं एकदाच पाहिलं. मलाही आवरेना.

"लिहा," ते म्हणाले. "दोन खुर्च्या. शेजारी शेजारी. बिछान्याच्या नकोत, नुसत्या बसायच्या. एका खिडकीपाशी. एकाच मंगळवारच्या."

"पण काकूंची पाठ?"

"आज सकाळी विचारलं मी तिला." हे सांगताना ते थोडे लाजले. "म्हणाली, पाठ माझी आहे, ती मी सांभाळीन. तुम्ही शेजारी बसा."

जाण्याच्या दिवशी मी शाळेतून अर्ध्या दिवसाची रजा घेतली. देवासला तेव्हा रेल्वे नव्हती. इंदूरपर्यंत मोटार आणि पुढे आगगाडीनं मुंबई. स्टँडवर सगळे ड्रायव्हर काकांना ओळखत, कारण काका नेहमी ड्रायव्हरच्या शेजारी बसून त्याला रस्ता शिकवत. त्या दिवशीही तो ओरडला, "काकासाब, आगे बिराजो नी! आपकी जगा खाली राखी हे."

"नी भिया, आज पाछे," काका म्हणाले.

मागून तिसऱ्या बाकावर काकू खिडकीशी बसल्या आणि काका त्यांच्या शेजारी. बायकोच्या शेजारी प्रवासात कसं बसायचं ते त्यांना ठाऊक नव्हतं. दोन्ही हात गुडघ्यांवर, नजर समोर, फोटो काढायला बसल्यासारखे. दोनदा उठले. एकदा टपावरची वळकटी बघायला, एकदा टायर बघायला. दोन्ही वेळा काकूंनी त्यांच्या जागेवर आपली पिशवी ठेवली आणि ते आल्यावर उचलून घेतली. मग मोटार सुरू झाली. वळणावर काकूंनी खिडकीबाहेर बोट करून काहीतरी दाखवलं. टेकडीच असेल, आयुष्यभर रोज पाहिलेली. काकांनी त्यांच्या खांद्यावरून वाकून पाहिलं. मी हात हलवत होते, पण माझ्याकडे दोघांचंही लक्ष नव्हतं.

सहा महिन्यांसाठी गेले होते, ते परत आलेच नाहीत. नातवाला आजोबांचा लळा लागला. कुसुमनं हिवाळा संपेपर्यंत थांबा म्हटलं, मग उन्हाळा. दुसऱ्या हिवाळ्यात काका न्यूमोनियानं गेले. काकू तिकडेच राहिल्या. घर विकलं गेलं, नव्या मालकांना मागची खोली हवी होती, आणि मी बदली मागून धारला आले. त्यानंतर मी पुष्कळ गावं पाहिली. परीक्षांच्या कामाला, लग्नांना, पुढे भाच्याकडे दिल्लीला. लग्न मी केलं नाही, त्यामुळे बहुतेक वेळा एकटीच. उतरताना अजूनही माझी नजर आधी गर्दीत फिरते. कुठेतरी पगडी दिसेल, हातात तांब्या असेल, "वाट ठीक आहे ना, बाई?" असं कुणी विचारील असं वाटतं. माझ्या घरच्या माणसांचंही प्रेम माझ्यावर होतं, पण मी पोचायच्या आधी माझं अंथरूण कसं आहे ते बघणारं माणूस पुन्हा मिळालं नाही. त्या घरच्या चहाची, झबल्यांच्या ढिगाची, "निळ्याचं उत्तर आलं का?" या हाकेची मला अजून आठवण येते, आणि आली की बराच वेळ दुसरं काही सुचत नाही.

लंडनहून काकूंची पत्रं थोडीच आली. त्यांना लिहायची सवय नव्हती. पोचल्यावर पंधरा दिवसांनी आलेलं पहिलं पत्र त्यातल्या त्यात मोठं. मी त्यांना विचारलं होतं की विमान कसं होतं. त्याचं उत्तर असं होतं:

"चि. बाईस अनेक आशीर्वाद. आम्ही सुखरूप पोचलो. कुसुम वाळली आहे. बाळ माझ्याकडे पहिल्या दिवशी आलं नाही, आता उतरत नाही. झबली त्याला लहान होतात, पण मी छातीशी धरून बसते. विमान कसं होतं म्हणून विचारलंस. आवाज फार. पाठ दुखली, खोटं कशाला सांगू? बिछान्याची माणसं पडदे ओढून निजली आणि आम्ही दोघं बसून होतो. मी यांना खिडकीतून ढग दाखवले, मग समुद्र दाखवला. हे प्रत्येक वेळी वाकून बघत. दमले असतील, पण नको म्हणाले नाहीत. पहाटे कैरो आलं. सगळ्यांना खाली उतरवतात. दार उघडलं तसे हे उठले आणि सवयीनं एकटेच तरातरा पुढे निघाले, पाणी बघायला. दारापर्यंत गेलेसुद्धा. मी म्हटलं, अहो, थांबा, माझी चप्पल सापडत नाही. चप्पल पायातच होती ग. पण थांबले."